बहिःशालची शाल

आमच्या कॉलनीत व्याख्यान द्यायला आलेला माणूस कितीही मोठा असो, परत निघताना पगारे अण्णा त्याच्या अंगावरची शाल काढून घ्यायचे. अगदी परवापरवापर्यंत.

मी अलंकारिक बोलत नाहीये. व्याख्यान व्हायचं, टाळ्या व्हायच्या, चहा व्हायचा. वक्ते रिक्षात एक पाय टाकायचे, तेवढ्यात अण्णा पुढे होऊन हात जोडायचे आणि म्हणायचे, "सर, शाल." वक्त्यांना आधी वाटायचं, बाहेर गारठा आहे, शाल नीट घ्या, असं हा सज्जन माणूस काळजीनं सांगतोय. ते म्हणायचे, "हो हो, घेतली आहे." मग अण्णा म्हणायचे, "नाही. द्या."

द्यायचेच सगळे. सत्कारात मिळालेली शाल कोणी परत मागितली तर काय बोलायचं, हे कोणत्याच विद्यापीठात शिकवत नाहीत. एकदा एका निवृत्त न्यायाधीशांनी मात्र विचारलं, "हे कोणत्या नियमाखाली?" अण्णा म्हणाले, "साहेब, नियम वर नाही, खाली नाही. आमच्याकडे असंच असतं. श्रीफळ तुमचं, शाल आमची." न्यायाधीशांनी क्षणभर विचार केला आणि निकाल अण्णांच्या बाजूनं दिला.

अण्णा म्हणजे एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. उंची बेताची, आवाज बसच्या मागच्या दारापासून ड्रायव्हरपर्यंत पोचणारा. सातपूरच्या मागच्या अंगाला आमची समता कॉलनी. कारखान्यातले कामगार, दोनचार कारकून, माझ्यासारखे निवृत्त मास्तर अशी वस्ती. मधोमध बुद्धविहार, त्याला लागून हॉल. या हॉलमध्ये दर हिवाळ्यात विद्यापीठाची व्याख्यानमाला होते. प्राध्यापक मंडळी आपण होऊन आमच्यापर्यंत येतात आणि ज्ञान देऊन जातात. या व्याख्यानमालेचे स्थानिक अध्यक्ष अण्णा. त्यांना कोणी निवडून दिलेलं नाही. पण गाडीत कंडक्टरला तरी कोण निवडून देतं?

नोकरी संपली तरी अण्णा गाडीतून उतरलेले नाहीत. मराठी माणूस सभेला गेला की मागच्या खुर्च्या आधी भरतात, हे आपल्याला माहीत आहेच. अण्णा दारात उभे राहून ओरडणार, "पुढं सरका, पुढं सरका! पुढं सगळी गाडी रिकामी आहे. मागं कशाला कोंबून घेता, उतरायची घाई आहे का?" जाधवकाकूंना दुसऱ्या मिनिटाला झोप लागते. कोणी हलवायला गेलं की अण्णा म्हणणार, "राहू द्या. आभाराला उठवू."

वक्त्यांचे त्यांनी प्रकार पाडले आहेत. पाणीसुद्धा न पिता बोलणारा तो 'विनाथांबा'. खुर्चीत बसून बोलणारा 'निमआराम'. "यावरून एक गंमत आठवली" असं म्हणत दर पाच मिनिटांनी विषय सोडणाऱ्याला ते म्हणतात, "हे सर प्रत्येक फाट्यावर गाडी आत घेतात." आणि ज्याला ओळख नको, प्रास्ताविक नको, आला की थेट पडद्यावर चित्रं दाखवायला लागतो, तो 'विनावाहक'. या प्रकाराशी त्यांचं वैर आहे. "कंडक्टर नसलेल्या गाडीचा भरवसा काय?" असं ते मला कुजबुजत्या आवाजात विचारतात आणि ते सगळ्या हॉलला ऐकू येतं.

वक्ता लांबला की मागून आवाज येतो, कट् कट् कट्. अण्णांकडे तिकिटाला भोक पाडायचा जुना पंच आहे, तो ते वाजवतात. नव्या वक्त्याला कळत नाही, पण हात मात्र आपोआप खिशाकडे जातो. मी आभार मानायला उठलो की हा पंच जरा लवकरच वाजतो, असं माझं निरीक्षण आहे. माझे आभार लांबतात अशी कॉलनीत अफवा आहे.

आता शालीचा नियम कसा आला ते सांगतो. त्याला एक शब्द कारणीभूत आहे.

पहिल्या वर्षी विद्यापीठाचं पत्र आलं, 'बहिःशाल व्याख्यानमाला'. विहारासमोरच्या बाकावर बसून अण्णांनी ते मोठ्यानं वाचलं आणि जागच्या जागी अर्थ लावला. "बहिः म्हणजे बाहेर. हे आम्हाला कोणी शिकवायला नको, मास्तर. बहिष्कृत आम्हीच होतो. आता राहिली शाल. म्हणजे शाल बाहेरून आणायची. विद्यापीठ नुसता माणूस पाठवणार."

मी आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलं. मी म्हटलं, "अहो अण्णा, शाल कसली? शाला! शाळा! शाळेच्या भिंतीबाहेर दिलेलं शिक्षण, म्हणून बहिःशाल."

"असेल," अण्णा म्हणाले. "पण सत्काराला शाल लागणार ना?"

"लागणार."

"विद्यापीठ देणार आहे?"

"नाही."

"मग माझा अर्थ कुठं चुकला?"

काही विद्यार्थी असे असतात.

एवढा बरोबर अर्थ लावूनही पहिल्या व्याख्यानाला शाल कोणीच आणली नाही. प्रत्येकाला वाटलं, दुसरा आणेल. सूत्रसंचालकानं सत्काराची घोषणा केली, वक्ते उठून उभे राहिले, आम्ही एकमेकांची तोंडं बघतोय. तेवढ्यात पहिल्या रांगेतून पगारेवहिनी उठल्या आणि त्यांनी स्वतःच्या अंगावरची शाल काढून अण्णांच्या हातात दिली. "घ्या, ही घाला त्यांना." वांगी रंगाची, जाडजूड लोकरीची शाल. अण्णांनी घातली. वेळ निभावली.

पण वहिनींची त्या वेळी किडनीची ट्रीटमेंट चालू होती. आठवड्याआठवड्याला डायलिसिस. त्यांना सदा हुडहुडी भरलेली असायची, भर दुपारी पायमोजे घालून बसायच्या. तासाभराच्या व्याख्यानात बाईंचे दात वाजायला लागले. अण्णांनी ते पाहिलं आणि आभार संपताच धावत जाऊन वक्त्यांना रिक्षाजवळ गाठलं. "सर, शाल." ते गृहस्थ इतके दचकले की त्यांनी नारळही परत केला. अण्णांनी नारळ त्यांना दिला आणि शाल आणून वहिनींच्या खांद्यावर घातली.

पुढच्या वेळी नवी शाल घ्यायची असं ठरलं होतं. वहिनीच म्हणाल्या, "कशाला? माझी आहे की. एक तास मी काढीन." त्यांना त्यात मजा वाटायला लागली होती. आज आपली शाल कोणाच्या अंगावर बसणार, हे बघायला त्या लवकर येऊन पुढे बसायच्या. कृष्णविवरांवर व्याख्यान होतं त्या दिवशी मी त्यांना विचारलं, "वहिनी, कळलं का काही?" त्या म्हणाल्या, "नाही हो भाऊजी. पण एवढा शिकलेला माणूस आपल्याकडे तोंड करून तासभर बोलतो. बरं वाटतं."

नंतर वहिनी गेल्या. व्याख्यानमाला थांबली नाही. पुढच्या पाहुण्यांच्या अंगावर तीच वांगी शाल पडली आणि रिक्षाजवळ अण्णांनी ती तशीच मागून घेतली. व्याख्यान नसलं की ती शाल अण्णांच्या कपाटात चेनच्या प्लास्टिक पिशवीत असायची. सून धुवायला मागायची, तिलाही मिळत नसे.

तर यंदा भोये सर आले. हरसूलकडचा तरुण प्राध्यापक, भूगर्भशास्त्राचा. विषय होता 'आपल्या पायाखालचा दगड'. मला वाटलं, दगडावर तासभर काय बोलणार? पण हा पोरगा बोलला! आपला काळा दगड कसा झाला, लाव्हा कसा थरावर थर पसरत गेला, सगळं असं सांगितलं की जाधवकाकू जाग्या राहिल्या. त्यांनी प्रश्नसुद्धा विचारला. अण्णांचा पंच वाजला नाही. "विनाथांबा आणि वर खिडकीची सीट," ते मला म्हणाले. त्यांच्याकडून याहून मोठं प्रशस्तिपत्र नाही.

प्रश्न लांबले, मग मी आभार मानले, आणि भोये सरांची हरसूलची शेवटची गाडी चुकायची वेळ आली. अण्णांच्या अंगात कंडक्टर संचारला. "सर, बसा मागं!" त्यांनी सरांना स्कुटीवर घातलं आणि सुसाट स्टँड गाठलं. जाता जाता स्टँडवर फोन करून गाडी थांबवून ठेवायला सांगितलं. तिथं अजून त्यांना ओळखणारी माणसं आहेत. सरांना आत चढवलं, खिडकीशी बसवलं, कौतुकाच्या भरात स्वतःच दोरी ओढली आणि उतरून खालून दार लावलं. टिंग टिंग. डबल बेल. गाडी हलली. सरांनी खिडकीतून हात केला. अण्णांनीही केला.

घरी येऊन कपाट उघडलं, रिकामी पिशवी हातात आली, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं.

सकाळी ते माझ्या दारात उभे. चेहरा उतरलेला. "मास्तर, एवढी वर्षं नोकरी केली, कधी पॅसेंजर विसरलो नाही की बोचकं विसरलो नाही. आणि काल माझ्याच हातानं बेल मारून माझीच शाल पाठवून दिली."

"मग फोन करा की भोये सरांना."

"केला."

"काय म्हणाले?"

"मी म्हटलं, व्याख्यान फार छान झालं. आणि ठेवून दिला." मग म्हणाले, "तोंडावर मागणं वेगळं असतं हो. फोन करून सत्काराची शाल मागायची म्हणजे कसं दिसतं?"

रिक्षात बसणाऱ्या माणसाच्या अंगावरून शाल ओढणं चांगलं दिसत होतं, हे मला त्या दिवशी कळलं.

पुढचं व्याख्यान तोंडावर आलं होतं. मी बाजारातून छान नवी शाल आणली. अण्णांनी ती हातात घेतली, उलटी केली, सुलटी केली, परत दिली. "चांगली आहे. तुम्ही वापरा."

"अहो, पण कार्यक्रम?"

"होणार नाही. विद्यापीठाला कळवून टाका."

मी चिडलो. म्हटलं, "अण्णा, एका शालीपायी व्याख्यानमाला बंद करणार? लोक काय म्हणतील?"

"म्हणू द्या." ते बाकावर बसले. "तुम्हाला खरं सांगू का, मास्तर? ती शाल तिथं स्टेजवर दिसली ना, की मला वाटतं ही आलेली आहे. पुढं बसलीय. घरी वाटत नाही, तिथं वाटतं. आता शालच नाही, तर मी त्या हॉलमध्ये जाऊन बघू कोणाकडं?"

मी म्हणालो, "चला, हरसूलला जाऊन येऊ."

भोये सरांचा नारळ गडबडीत हॉलमध्येच राहिला होता. तेच निमित्त करायचं ठरलं. नारळ द्यायचा, चहा प्यायचा, उठता उठता म्हणायचं, "सर, शाल." अण्णांनी सीबीएस स्टँडवर उभं राहून दोनदा सराव केला.

ज्येष्ठ नागरिक म्हणून प्रवास सुखाचा व्हायला हवा होता. पण माणूस कंडक्टर असला की दुसऱ्या कंडक्टरला सुखानं जगू देत नाही. "त्या मावशीला आधी तिकीट द्या, पुढच्या फाट्यावर उतरायचंय त्यांना." "अहो, मागचं दार वाजतंय." त्र्यंबक मागे पडून चढ लागेपर्यंत त्या कंडक्टर पोरानं ऐकून घेतलं. मग त्यानं विचारलं, "काका, तुम्ही चेकर आहात का?" अण्णा दुखावले. कंडक्टरला चेकर म्हणणं म्हणजे काय, हे मला समजावून सांगण्यात उरलेला घाट संपला.

हरसूलला बाजार भरला होता. भोयांचं घर स्टँडच्या मागंच, चालत जाण्यासारखं. घराच्या ओट्यावर, टळटळीत उन्हात, एक म्हातारी बाई नागली, म्हणजे आपली नाचणी, पाखडत बसली होती. एवढीशी, वाळकी. आणि अंगावर आमची वांगी शाल.

अण्णा जागीच थांबले. त्यांनी सवयीनं "जय भीम" घातला. म्हातारी "राम राम" म्हणाली आणि तिनं सूप बाजूला ठेवलं. आतून भोये सर धावत आले. त्यांची उडालेली तारांबळ बघून मला वाटलं, आता हेच विचारणार, शाल न्यायला आलात का? पण त्यांना कुठलं काय माहीत? त्यांनी खुर्च्या आणल्या, आईला सांगितलं, "आये, हे नाशिकचे. यांनीच माझा सत्कार केला."

म्हातारीचा चेहरा उजळला. "तुम्हीच का ते? अरं, ह्यानं येऊन सांगितलं, आये, मी बोललो न लोकांनी ऐकलं. मी म्हटलं, दगडाचं कोन ऐकतंय रं? खोटं बोलतूस. मंग त्यानं ही शाल काढून दाखवली. तवापास्नं अंगावरच हाय. बाजारात सगळ्यांना दावून आले."

अण्णांनी पिशवीतून नारळ काढून सरांना दिला. आता चहा आला. चहाही झाला. मी अण्णांकडे पाहिलं. अण्णा चपलांकडे बघत होते. मी घसा खाकरला. अण्णा म्हणाले, "ऊन फार आहे नाही इकडं."

तेवढ्यात म्हातारीच बोलली. शालीचं टोक बोटात धरून म्हणाली, "येक इचारू? ही नवी नाय ना? हितं कोनी तरी टाके घातलेत. दुसऱ्या रंगाच्या दोऱ्यानं. बाईमानसाचा हात हाय."

भोये सर शरमले. "आये, काहीतरी काय विचारतेस!"

अण्णा म्हणाले, "आमच्या मंडळींची आहे."

"कुठं हाय ती?"

"नाही आता."

म्हातारीनं शाल खांद्यावरून काढली, घडी घातली आणि अण्णांच्या पुढ्यात धरली. "घे बाबा. मला ठावं नव्हतं."

अण्णांचा हात पुढे झाला. ज्यासाठी घाट चढून आलो ती वस्तू समोर होती. मी मनात म्हटलं, चला, झालं काम. पण त्यांचा हात घडीवर नुसताच टेकला. टाके घातले होते त्या जागी.

"काय नाव तिचं?" म्हातारीनं विचारलं.

अण्णांना एकदम आठवेना, असा त्यांचा चेहरा झाला. मग म्हणाले, "सुलोचना."

आम्हाला ती पगारेवहिनी, कॉलनीतल्या पोरांना पगारेकाकू, दवाखान्यात बेडचा नंबर. नाव मीही तेव्हाच ऐकलं.

"सुलोचना," म्हातारी जपून म्हणाली, कोणी हातात काही ठेवायला दिल्यासारखं. "तुझ्यावर रागवायची का?"

"रोज," अण्णा म्हणाले. आणि मग ते बोलायला लागले. ड्युटीवरून आलं की खाकी शर्टाचे खिसे उलटे करून त्यातले तिकिटांचे टिकलीएवढे कागद हे घरभर झाडायचे, म्हणून ती कशी ओरडायची. निफाडकडची माहेरची द्राक्षं आली की आधी सगळ्या गल्लीला वाटून यायची आणि घरात देठ उरायचे. डायलिसिसला जाताना सुईची भीती वाटायची, पण नवऱ्याला कळू नये म्हणून त्यालाच गाण्याच्या भेंड्या खेळायला लावायची. मला यातलं काहीही माहीत नव्हतं. म्हातारी मांडीवर हात ठेवून, त्यांच्याकडे तोंड करून ऐकत होती. मधे नुसतं विचारायची, "मंग?" आणि अण्णा सांगायचे. भोये सर दाराच्या चौकटीला टेकून उभे होते, शिकवणारा माणूस ऐकायलाही शिकलेला होता. ऊन ओट्यावरून उतरलं तरी कोणी उठलं नाही.

शेवटी अण्णांनी डोळे पुसले, घडी उचलली, उलगडली आणि दोन्ही हातांनी म्हातारीच्या खांद्यावर घातली, व्यासपीठावर घालतात तशी, नीट टोकं जुळवून.

"आरं, तुझी हाय ती," म्हातारी म्हणाली.

"मी नेऊन पिशवीत कोंडून ठेवणार, आई. इथं अंगावर राहील. तिला थंडी फार वाजायची."

परतीच्या गाडीला म्हातारी आमच्याबरोबर स्टँडपर्यंत आली, नको नको म्हणत असताना. आम्ही खिडकीशी बसलो. खाली सुकी मासळी घेऊन बसलेल्या एका बाईनं तिला हाक मारली, "आये, एवढ्या उकाड्यात शाल? पोऱ्याची का?"

म्हातारीनं शाल अंगाभोवती ओढून घेतली. मोठ्यानं म्हणाली, "नाय गं. नाशिकच्या सुलोचनाबाईची हाय. मला दिलीय तिनं."

गाडी सुटली. अण्णांनी खिडकीच्या गजाला कपाळ टेकलं आणि ते रडले, लहान पोरासारखे, आवाज करून. कंडक्टर तिकिटं काढायला आला. मी त्याला हातानंच खूण केली, आधी पुढच्यांची घे.